गेटावरची खुर्ची

१

दलित समाज आणि कारखानदारी यांचा विचार करताना आपल्याकडे सहसा दोनच प्रश्न विचारले जातात. नोकरी मिळाली काय, आणि पगार किती? हे दोन्ही प्रश्न पोटाचे आहेत, म्हणून ते आधी यावेत यात गैर काही नाही. परंतु तिसराही एक प्रश्न आहे आणि तो विचारायचे आपण बहुधा विसरतो. माणूस कामावर घ्यायचा की नाही, घेतला तर कोणत्या खात्यात घालायचा, केव्हा वर चढवायचा आणि केव्हा बाहेर काढायचा, हे ठरविणाऱ्या खुर्चीवर कोण बसलेले आहे? कारखान्याच्या गेटावर असलेल्या या खुर्चीचा इतिहास हा दलित कामगाराच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे. मी सारसोळ्यात राहतो. आमचे गाव मूळचे खाडीकाठचे, आगरी-कोळ्यांचे. आता ते नेरूळच्या इमारतींनी वेढलेले आहे. इथल्या गावठाणातली, तुर्भ्याच्या वस्त्यांतली आणि दिघ्याच्या डोंगराकडची पदवीधर मुले-मुली माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. त्यांच्यापैकी बरीच आता एकच नाव घेतात, 'एचआर'. मानव संसाधन व्यवस्थापन. नेरूळ-बेलापूरच्या पट्ट्यात हा विषय शिकविणारी महाविद्यालये उभी आहेत, त्यांची फी भरण्यासाठी घरातले सोने गहाण पडते, आणि मुलांना वाटते की वातानुकूलित कचेरीत बसायचे, मुलाखती घ्यायच्या, एवढेच या विद्येचे स्वरूप आहे. ही विद्या कोठून आली, तिला जन्म कोणत्या भांडणाने दिला, तिच्यात आपल्या बापजाद्यांचा घाम किती आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या प्रकरणात अमेरिकेतल्या पंडितांची नावे असतात. परळ-लालबागचा पत्ता त्यात नसतो. म्हणून हा पत्ता सांगणे मला भाग आहे.

२

मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यात कामगार-अधिकारी वगैरे कोणी नव्हता. होता तो मुकादम. गिरणीच्या भाषेत जॉबर. मालक इंग्रजी किंवा गुजराती बोलणारा, कामगार कोकण-घाटावरून आलेला. या दोघांमधला दुवा म्हणजे मुकादम. भरती तोच करी, कामही तोच वाटी, रजाही तोच देई आणि काढूनही तोच टाकी. त्याबद्दल दस्तुरी घेई. तो आपल्या गावची, आपल्या भावकीची, आपल्या जातीची माणसे आणी. त्यामुळे गावातली जात रेल्वेत बसून मुंबईला आली आणि गिरणीच्या गेटातून आत शिरली. यंत्राला जात नसते असे आपण पुस्तकांतून वाचतो. यंत्रापाशी माणूस उभा करणाऱ्याला मात्र जात होती.

याचा पुरावा साचेखात्यात मिळतो. साच्यावर काम करताना कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लावायचा काय, या सवालावर सवर्ण कामगारांनी दलितांना साचेखात्याबाहेर ठेवले. आणि साचेखाते हे तर चांगल्या पगाराचे. दलितांच्या वाट्याला रिंगखाते, साफसफाई आणि ओझी वाहणे आले. म्हणजे एका सुताच्या धाग्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचा पगार ठरला. मालकाने तसा लेखी नियम केलेला नव्हता आणि सरकारचा तसा कायदाही नव्हता. गेटावरची खुर्ची आणि खात्यातली मंडळी यांनी मिळून तो चालविला होता.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगाराचा हक्क युनियन मान्य करणार आहे काय? पुढाऱ्यांनी ही मागणी नाइलाजाने आपल्या यादीत घेतली. मालकांनी त्यांना उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. या उत्तरात मालकांचा धूर्तपणा आहेच. परंतु त्यात एक सत्यही दडलेले आहे. कामावर ठेवण्याचा अधिकार कागदोपत्री मालकाचा असला तरी तो वापरणारा हात दुसराच होता.

पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथील भाषणात ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हे बाबासाहेबांनी सांगितले, ते सर्वांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या नोकऱ्यांचा तपशीलही मांडला होता. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकामही करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. बढतीची शिडी कोठे तुटते आणि ती कोणामुळे तुटते, हे खात्याचे नाव घेऊन दाखविणे म्हणजेच आजच्या भाषेत मनुष्यबळाचा अभ्यास. बाबासाहेबांनी तो कामगारांच्या परिषदेत, कामगारांच्या बाजूने केला.

३

मुकादमाचा जाच सरकारच्याही कानावर गेलेला होता. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात भरतीचे काम मुकादमाच्या हातून काढून घ्यावे आणि त्यासाठी कारखान्यांत कामगार-अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई इलाख्याच्या तंटानिवारण कायद्याने सरकारी कामगार-अधिकारी आला. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे रोज सकाळी गेटावर कोणाला आत घ्यायचे हे एकट्या मुकादमाच्या मर्जीवर राहू नये. मर्जी एका दिवसात संपत नसते. माझे वडील स्वातंत्र्याच्या थोडे आधी परळच्या एका गिरणीत बदली म्हणून लागले, तेव्हा नोंदवही होती आणि दस्तुरीही होती. त्यांनी दोन्ही पाहिली. रिंगखात्यात लागले आणि रिंगखात्यातूनच निवृत्त झाले.

कामगार-अधिकारी हवा म्हटल्यावर त्याला शिकविणारी शाळाही हवी. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि पुढे ती देवनारला गेली. आमच्या खाडीच्या पलीकडेच देवनार आहे. कामगार कल्याण हा विषय या संस्थेत समाजकार्याची शाखा म्हणून वाढला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज तोच विषय नफ्यातोट्याच्या शाळेत शिकविला जातो.

दुसरी संस्था परळची. १९४७ साली मुंबई सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. ती आज नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. ज्या रविवारी आजची कचेरी बंद असते, तो रविवार कोणी बक्षीस दिलेला नाही. या संस्थेत श्रम अभ्यासाची पदव्युत्तर पदवी आणि पदविका शिकविली जाते, आणि ती सरकारी संस्था असल्यामुळे खासगी महाविद्यालयांच्या मानाने फी थोडी असते. आमच्याकडच्या मुलांपैकी अनेकांना ही संस्था आहे हेच ठाऊक नसते. रस्त्यावरच्या मोठ्या फलकांवर तिची जाहिरात दिसत नाही, एवढेच त्याचे कारण.

४

या विद्येला खरा कायद्याचा कणा मिळाला तो १९४२ ते १९४६ या काळात. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपले वक्ते व्यासपीठावरून या कारकिर्दीचा गौरव करतात, पण तिच्यातले कायदे वाचत नाहीत. सरकार, मालक आणि कामगार या तिघांची त्रिपक्षीय बैठक याच काळात रूढ झाली. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४४ मध्ये रेगे समिती नेमून देशभरच्या कामगारांच्या स्थितीची पाहणी झाली. १९४५ पासून सरकारी सेवायोजन कार्यालये उभी राहू लागली, म्हणजे नोकरीची वाट मुकादमाच्या घरावरून न जाता सरकारी नोंदवहीतून जावी. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

आणि १९४६ चाच स्थायी आदेशांचा कायदा. त्याने मालकाला सांगितले की नोकरीच्या अटी तोंडी चालणार नाहीत. पाळी, रजा, गैरवर्तन, शिक्षा, बडतर्फी हे सगळे लिहून काढा, सरकारकडून प्रमाणित करून घ्या आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत गेटाजवळ फलकावर लावा. मुकादमाच्या तोंडी कायद्याला हे लेखी उत्तर होते. जो समाज शतकानुशतके तोंडी हुकमावर राबला, त्याला लेखी नियमाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. राज्यांनी त्यासाठी जे नियम केले त्यांत दोन गोष्टी होत्या. एक, या अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. दुसरी, त्याने कामगारांवरील शिस्तभंगाची प्रकरणे चालवू नयेत आणि कामगाराविरुद्ध मालकाच्या बाजूने न्यायालयात उभे राहू नये. पगार मालकाचा, पण इमान दोन्हीकडे, अशी ही अवघड खुर्ची कायद्याने मुद्दाम तयार केली होती.

तिची अवघड बाजू मी स्वतः अनुभवली आहे. पदविका घेऊन मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात कल्याण अधिकारी म्हणून लागलो. मुलाखतीत माझे गुण पाहून झाल्यावर मला मूळ गाव विचारले गेले, नंतर तालुका आणि मग गावात घर कोणत्या बाजूला आहे ते. हा प्रश्न कशासाठी असतो हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. पुढे तेथील सात सफाई कामगारांवर कामचुकारपणाचा आरोप आला आणि चौकशीत मालकाच्या बाजूने बसायला मला सांगण्यात आले. मी नियमाचे पुस्तक टेबलावर ठेवले आणि नकार दिला. चौकशी दुसऱ्याने चालविली. माझी वार्षिक वाढ त्या वर्षी थांबली. पण त्या सातांपैकी पाच जण कामावर राहिले, कारण त्यांच्या हजेरीपत्रकाची नक्कल कोठे मिळते हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ज्ञान कोणाच्या हाती आहे यावर एखाद्या घराची चूल पेटते की विझते, ती अशी.

५

१९७० नंतर या विषयाचे नाव बदलत गेले. कामगार कल्याण मागे पडले, कार्मिक व्यवस्थापन आले. १९७५ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या मांडणीनुसार मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्या देशातील तो पहिला मानला जातो. १९८५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यालाच मनुष्यबळ विकास मंत्रालय हे नाव मिळाले आणि २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले.

नावातला हा बदल निष्पाप नाही. 'कामगार' म्हटले की समोर हक्क मागणारा माणूस उभा राहतो. 'संसाधन' म्हटले की कोळसा, पाणी, वीज यांच्या रांगेतली वस्तू डोळ्यांपुढे येते. माणसाला साधन मानण्याची दीक्षा या देशाला नवी नाही. गावगाड्याने एका अख्ख्या समाजाला हजारो वर्षे साधनच मानले होते. म्हणून हा शब्द शिकताना दलित विद्यार्थ्याने कान टवकारले पाहिजेत. मात्र नुसते नाव ऐकून त्या विद्येकडे पाठ फिरविणे हा शहाणपणा ठरणार नाही. या विद्येत माणसाची कुवत वाढविण्याचे, त्याला शिकवून वर नेण्याचे एक खरे अंगही आहे. ते अंग कोणासाठी वापरले जाते, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळसे परत आत गेलेच नाहीत. गिरणीबरोबर कायम नोकरीचा काळही ओसरला. त्यानंतर गेटावर मुकादम पुन्हा आला, या वेळी ठेकेदाराचे नाव घेऊन. ज्याचे नाव मूळ कारखान्याच्या हजेरीत नाही असा कामगार वाढत गेला, आणि सफाई, ओझी, रखवाली या कामांत तर दुसरा कामगार दिसेनासा झाला. या कामांत कोणत्या जातींची माणसे आहेत ते सांगायला कमिशन नेमावे लागत नाही.

परंतु याच काळात लढ्याची दुसरी बाजूही दिसली. मुंबई महापालिकेच्या ठेक्यावरील २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी कायम ठेवला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई वर्षानुवर्षे चालविली. ठेका हा देखावा आहे आणि खरा मालक पालिकाच आहे, हे त्यात सिद्ध करावे लागले. असे सिद्ध करायला घोषणा पुरत नाहीत. हुकूम कोण देतो, हजेरी कोण घेतो, हत्यार कोणाचे, पगारपत्रक कोणाच्या सहीचे, याचे कागद लागतात. कार्मिक विभागात जे ज्ञान मालकासाठी वापरले जाते, तेच ज्ञान येथे कामगाराने वापरले.

६

आता आमच्या पट्ट्याकडे पाहू. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. सारसोळे त्यांपैकीच एक. त्याच्या आधीपासून औद्योगिक विकास महामंडळाचा ठाणे-बेलापूर पट्टा वसू लागला होता. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखांना जासईच्या बाजूला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले; दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. जमिनीचा तुकडा परत मिळविण्याचा मार्ग त्या लढ्याने दाखविला. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या मिठागरावर आणि दगडखाणीवर राबत होता, त्याला साडेबारा टक्के कशाचे मिळणार? त्याला या शहरात फक्त नोकरीच्या वाटेने शिरता येत होते. आणि नोकरीच्या वाटेवर ती खुर्ची होती.

या पट्ट्यात तिला दिलेले एक चांगले उत्तरही आहे, ते माथाडींचे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात ओझे वाहणाऱ्याची नोंद, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा हे सारे व्यापारी आणि कामगार यांच्या संयुक्त मंडळाकडे गेले. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात आजही टोळी आणि मुकादम हे शब्द आहेत, पण मजुरी मुकादमाच्या खिशातून येत नाही, मंडळातून येते. म्हणजे गेटावरची खुर्ची मोडली नाही, तिच्या हातातली तिजोरी तेवढी काढून घेतली. हा प्रयोग व्यवस्थापनाच्या वर्गात शिकविण्याच्या लायकीचा आहे. महाविद्यालयापासून रिक्षाने जाण्याइतका तो जवळ आहे, पण अभ्यासक्रमात तो मला आढळला नाही.

उलट बाजू पाहायची तर खासगी कचेरीची पाहावी. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. नोकरीच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन तृतीयांश राहिले. त्याच वर्षी कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती छापल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे हे व्यवस्थापक सांगत, आणि लगेच उमेदवाराच्या घराची पार्श्वभूमी विचारतो असेही सांगत. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, राहता कोठे. मुकादम दस्तुरी घेऊन उघड जात पाहत होता. हे सुशिक्षित मुकादम घराणे पाहतात आणि त्याला संस्कार म्हणतात. धोटा आता कोणी तोंडाला लावीत नाही. त्याची जागा अर्जावरच्या आडनावाने घेतली.

७

मग आपल्या मुलांनी ही विद्या घ्यावी काय? माझे उत्तर होय असे आहे, आणि ते विचारपूर्वक दिलेले आहे. मात्र घ्यायची तर तिची दोन्ही टोके धरून घ्यावी.

पहिली गोष्ट, वाट एकच नाही. कंपनीत भरती, प्रशिक्षण, पगार आणि औद्योगिक संबंध अशी कामे असतात. ती पोटाची वाट म्हणून चांगलीच आहे. परंतु त्याखेरीज कारखान्यातले कल्याण अधिकाऱ्याचे पद आहे. राज्याच्या कामगार विभागात सरकारी कामगार अधिकारी आणि सहायक कामगार आयुक्त ही पदे आहेत. भविष्यनिर्वाह निधी संघटनेत अंमलबजावणी अधिकारी आणि सहायक आयुक्त घेतले जातात, त्यांच्या परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. प्राध्यापक व्हायचे असेल तर कामगार कल्याण व मनुष्यबळ व्यवस्थापन हा राष्ट्रीय पात्रता परीक्षेतला स्वतंत्र विषय आहे. कायद्याची पदवी जोडली तर औद्योगिक न्यायालयात कामगारांची बाजू मांडता येते. आणि युनियनला हिशेब, कायदा आणि कागद कळणारा माणूस नेहमीच कमी पडत आला आहे.

दुसरी गोष्ट, सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातली बिंदुनामावली. राखीव जागा कायद्याने मिळाल्या, पण त्या भरायच्या की नाही हे बिंदुनामावलीच्या रकान्यात ठरते. योग्य उमेदवार मिळाला नाही, हे चार शब्द लिहून अनुशेष कसा वाढविला जातो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. १९९५ च्या सभरवाल निकालानंतर आणि १९९७ च्या केंद्राच्या आदेशानंतर बिंदुनामावली रिकाम्या जागांवर न चालता पदांवर चालते. हा फरक संघटनेच्या किती कार्यकर्त्यांना समजावून सांगता येतो? मोर्चा काढण्याआधी नामावली वाचता आली पाहिजे. ती वाचायला शिकविणारा विषय हाच आहे.

तिसरी गोष्ट, कायदा बदलला आहे. जुने २९ कामगार कायदे चार संहितांत गुंडाळले गेले आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा ५०० वरून २५० कामगारांवर आली. म्हणजे कल्याण अधिकाऱ्याच्या जागा वाढायला हव्यात. पण त्याच वेळी स्थायी आदेशांची सक्ती ३०० कामगारांपासून सुरू होते. पूर्वी केंद्रीय कायद्यात ती १०० पासून होती. आमच्या पट्ट्यात लहान-मध्यम कारखाने पुष्कळ. त्यांच्या गेटावर नोकरीच्या अटी लावण्याचे बंधन सैल झाले की तोंडी हुकूम पुन्हा सुरू होणार, आणि तोंडी हुकमाची पहिली झळ कोणाला लागते ते आपण वर पाहिलेच आहे. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काय नेले, हे सांगणारी माणसे आपल्यात तयार व्हायला हवीत.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे खुर्ची आपली झाली, असे होत नाही. शिकून मोठे झालेले आपलेच काही लोक आडनाव झाकून, वस्ती सोडून, त्याच जुन्या मोजपट्टीने दुसऱ्या मुलाला मोजतात. त्यांना नावे ठेवून भागणार नाही. एकटा माणूस त्या खुर्चीवर बसला की खुर्ची त्याला आपल्यासारखा करते. त्याच्या पाठीशी अभ्यासाची आणि संघटनेची बैठक असेल तरच तो नियमाचे पुस्तक टेबलावर ठेवू शकतो. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिताना बाबासाहेबांनी खासगी मालकाच्या हुकूमशाहीचा धोका ओळखला होता. भूक आणि बेकारी यांच्या भीतीने माणूस आपले हक्क सोडून देतो, ही त्यांची मांडणी कामगाराला लागू आहे तशीच पगारी अधिकाऱ्यालाही लागू आहे.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी. आपल्या वसतिगृहांत, विहारांत आणि अभ्यास मंडळांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, ते चालू द्यावेत. त्याबरोबर आठवड्यातून एक तास श्रमकायद्याचा ठेवावा. हजेरीपत्रक, पगारपत्रक, नेमणूकपत्र, ठेकेदाराचा परवाना, बिंदुनामावली हे कागद प्रत्यक्ष समोर ठेवून वाचावेत. जे विद्यार्थी मनुष्यबळाचा अभ्यासक्रम घेत आहेत त्यांनी आपला प्रकल्प कंपनीच्या कँटीनवर लिहिण्याऐवजी सफाई कामगारांच्या नेमणुकीवर, माथाडी मंडळावर, आपल्याच वस्तीतल्या घरकामगार बायांच्या पगारावर लिहावा. लोखंड्यांनी गिरणी कामगारांची गाऱ्हाणी लिहून काढली आणि सह्या गोळा करून सरकारपुढे ठेवली, तेव्हा या विषयाला नावही नव्हते. आता नाव आहे, पदवी आहे, परीक्षा आहेत. गाऱ्हाणी अजून तीच आहेत, आणि ती लिहून काढणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे.